जिम वाल्व्हानोने ती बास्केट टाकलीच नव्हती

1983 च्या अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलच्या फायनलमध्ये जिम वाल्व्हानोने शेवटच्या सेकंदाला बास्केट टाकून नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीला जिंकवलं असं फिरतंय, प्लीज पुढे पाठवू नका. तो तिथे कोच होता! स्वतः खेळला तो रटगर्स युनिव्हर्सिटीकडून, 1967 पर्यंत. फायनलला ह्यूस्टनविरुद्ध 52-52 असताना स्टेटच्या डेरेक व्हिटेनबर्गने लांबून मारलेला बॉल रिंगपर्यंत पोचलाच नाही, तो त्याच्याच टीममधल्या लोरेन्झो चार्ल्सने हवेतच पकडून डंक केला, म्हणजे वरून थेट रिंगमध्ये घातला, आणि 54-52. वाल्व्हानो मिठी मारायला माणूस शोधत कोर्टभर धावत होता, तेच लोकांच्या डोक्यात राहिलंय बहुतेक. 1990 ला तिथलं कोचिंग सुटलं, मग ईएसपीएनवर कॉमेंट्री. कॅन्सर असताना ईएसपीएनच्या पुरस्कार सोहळ्यात केलेलं ते गाजलेलं भाषण मार्च 1993 चं, आणि तो गेला एप्रिलमध्ये, फक्त 47 वर्षांचा होता हो.