चिमट्यात सापडलेला माणूस

“चिमटा बदलावा लागेल,” मी फोनवर कुणाला तरी म्हणालो आणि स्वयंपाकघरातून उत्तर आलं, “काही नको. दिवाळीतच नवा घेतलाय. फुलके छान उलटतात त्याने.”

सायकलचं पुढचं चाक दोन बाजूंनी धरून ठेवणाऱ्या भागाला आमच्या इंदूरचे जुने मिस्त्री चिमटाच म्हणतात. त्यात स्प्रिंग आली की त्याचा शॉकप होतो, आणि रविवारी पहाटे राजेंद्र नगरात हेल्मेट घालून जमणाऱ्या मंडळींत पाऊल ठेवलं की तोच फोर्क होतो. सायकल घेऊन सहा महिने झाले तरी ही तिन्ही नावं एकाच वस्तूची आहेत हे मला ठाऊक नव्हतं. आज त्या वस्तूबद्दल इतकं ठाऊक आहे की लग्नकार्यात माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहते.

शुगर उंबरठ्यावर आहे, असं डॉक्टर म्हणाले म्हणून सायकल आली. साधी सोडून डोंगरातली घेण्याचं कारण आमचं शहर. 2017 पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत देशात पहिला नंबर, पण स्वच्छ म्हणजे सपाट असं कुणी लिहून दिलेलं नाही. आमच्याकडे खड्डेसुद्धा झाडून-पुसून ठेवलेले असतात.

माझी तक्रार साधी होती. ब्रेक दाबला की सायकल पुढून वाकून नमस्कार करायची. चढावर उभं राहून पेडल मारलं की पुढचा भाग भजनी मंडळातल्या काकांसारखा डोलायचा, आणि त्या डोलण्यातच माझी निम्मी ताकद जायची. खड्ड्यात चाक गेलं की ‘खट्ट’. कागदोपत्री त्या फोर्कला 100 मिलिमीटर ट्रॅव्हल आहे, म्हणजे तेवढं दबून धक्का पोटात घालायची सोय. माझा फोर्क मी नुसता बसलो तरी निम्म्याच्या आसपास पोचायचा. धक्क्यासाठी त्याच्या पोटात जागाच उरायची नाही.

एका रविवारी राऊला पोह्यांच्या ठेल्यावर मी मंडळींना विचारलं, “माझा फोर्क बरा आहे का हो?” मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना ‘पोहे कसे झालेत’ विचारावं तसा निरागस प्रश्न होता तो.

सॉफ्टवेअरमधला एक पोरगा तयारच होता. वजन 58 किलो, त्यातले दोन किलो घड्याळ. “काका, कॉइल, म्हणजे ही स्प्रिंग, काढून टाका. एअर, म्हणजे हवेचा फोर्क घ्या. आपल्या वजनाप्रमाणे हवा भरायची, विषय संपला.” त्याच्या पाठपिशवीत जपमाळेसारखा एक छोटा पंप असतो. तो चाकाचा पंप नव्हे, हे त्याने मला दोनदा बजावलं. फोर्कात हवा थोडी पण दाब फार, म्हणून हा वेगळा. मग इतिहास सुरू झाला. 1989 साली अमेरिकेत पॉल टर्नरने रॉकशॉक्स कंपनी काढली, तिचा पहिलाच फोर्क हवेवर चालायचा, दोन इंचांपेक्षाही कमी दबायचा, आणि तरी 1990 साली ड्युरांगोच्या जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्ड तोच फोर्क लावून डाउनहिल जिंकला. हर्बोल्ड खाली पोचेपर्यंत माझे पोहे गार झाले होते.

“हवा काय, आज आहे उद्या नाही. पोलाद ते पोलाद.” हे सराफ्यात, म्हणजे दिवसा सोनं आणि रात्री खाणं विकणाऱ्या आमच्या बाजारात, दुकान असलेले गृहस्थ. वजन 104. आयुष्यभर धातूवरच विश्वास. त्यांचं म्हणणं, हवेच्या फोर्कात हवा कोंडायला जास्तीची सीलं घट्ट बसवावी लागतात, ती घासतात, म्हणून बारीक खडीवर तो जागचा हलत नाही. स्प्रिंग मात्र मुंगीवरून गेलं तरी दबते. ऐकायला फार पटलं. स्वतःच्या सायकलीत त्यांनी फार पूर्वीच जाड स्प्रिंग बसवून घेतली होती, एवढं मात्र सांगायचं राहून गेलं. ते मला चार महिन्यांनी कळलं.

तिसरे महूचे निवृत्त सुभेदार. त्यांच्या सायकलीला शॉकपच नाही, नुसता सरळ लोखंडी चिमटा. पोह्यांवर जीरावन भुरभुरत ते एवढंच म्हणाले, “साहब, भगवान ने कोहनी किसलिए दी है?” यावर दोन्ही पक्ष गप्प झाले. कोपराला सर्व्हिसिंग लागत नाही, हा त्यांचा मुद्दा खोडता येत नाही. काही मोठ्या कंपन्या दर 50 तासांनी फोर्कचे खालचे पाय उघडून तेल बदला म्हणतात. रविवारचे दोन तास धरले तर सहा महिन्यांत तेल. एवढ्या नेमाने मी केसांनाही तेल लावत नाही.

घरी आलो तर शेजारचे काका झोपाळ्यावर. त्यांना विचारलं नव्हतं, पण मत विचारल्याशिवाय देऊ नये असा काही कायदा आमच्या कॉलनीत नाही. “अरे, आमच्या काळ्या सायकलीला शॉकअप सीटखाली असायचे. दोन जाडजूड स्प्रिंगा. तुझ्या हाताला बसायला शॉकअप, आणि जिथे माणूस बसतो तिथे दगड. हे कसलं शास्त्र?” मी त्यांना मोबाइलवर कॅननडेलचा ‘लेफ्टी’ दाखवला, चाकाच्या एकाच बाजूला पाय असलेला फोर्क. काकांनी चष्मा कपाळावर चढवून तो निरखला. “दुसरा पाय कुणी चोरला रे?” तेव्हापासून ते रोज रात्री माझ्या सायकलीला कुलूप आहे का ते बघून झोपतात.

मग मिस्त्री. माझी सायकल त्याने पुढून दोनदा दाबली, डॉक्टर पोट दाबतात तशी. “भिया, शॉकप तो झकास हे. टेंशन नी लेने का.” आणि फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर त्याने कसलासा स्प्रे फसफस मारला. दोन दिवस फोर्क लोण्यासारखा चालला, तिसऱ्या दिवसापासून कुरकुरू लागला. असल्या स्प्रेने सीलखालचं ग्रीस धुऊन निघतं हे ज्ञान मला उशिरा झालं. मिस्त्रीला अजून झालेलं नाही.

या सगळ्यांना दुखावायचं नाही म्हणून मी सगळ्यांचंच ऐकत गेलो. कुणी म्हणालं रिबाउंड हळू करा, म्हणजे दबलेला फोर्क उसळून वर येताना सावकाश येईल. खाली लाल रंगाचा खटका असतो. मी आठवडाभर तो खटका शोधला. सायकल उलटी करून शोधला, टॉर्च लावून शोधला. माझ्या स्वस्त फोर्कला तो नव्हताच. या फोर्कांची गंमत अशी की एका पायात स्प्रिंग आणि दुसऱ्या पायात तिला आवरणारा डॅम्पर, म्हणजे एक उसळतो, एक सावरतो. अगदी आमच्या घरचा कारभार. पण माझ्या फोर्कातला सावरणारा जेमतेम नावापुरता होता.

डाव्या पायाच्या टोकावर एक काळी टोपी होती, तिला प्रीलोड म्हणतात. ती पिळली की फोर्क कडक होतो, असं तिघांनी स्वतंत्रपणे सांगितलं, म्हणून ते खरं असणार. मी रोज एक पीळ दिला. त्या टोपीने स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते, इतकंच. स्प्रिंग होती तेवढीच मऊ राहते. खट्ट होतच राहिलं, आणि मी टोपी पिळतच राहिलो. शेवटी ती पिळायची संपली.

मग जानापावचा दिवस आला. चंबळ जिथे उगम पावते तोच डोंगर, परशुरामांचं जन्मस्थान म्हणून माळव्यात त्याला मान. पाऊस होऊन गेलेला, पायथ्याच्या वावरातली काळी माती चाकाला अशी चिकटली की फोर्कच्या कमानीत अडकून चाक फिरेना. डग डग रोटी, पग पग नीर, असं माळव्याचं वर्णन करतात. दोन्ही कालवून त्या दिवशी माझ्या चाकाला लिंपलेलं होतं. काडीने खरवडत, धापा टाकत मी वर पोचलो. चढावर सॉफ्टवेअरवाल्याच्या सांगण्यावरून उजव्या पायावरचा लॉकआउटचा खटका फिरवला होता, म्हणजे फोर्क गोठतो आणि डोलत नाही. खरंच डोलला नाही.

उतरताना चमत्कार झाला. एकदाही खट्ट नाही! ब्रेक दाबला तरी नमस्कार नाही. हाताला मुंग्या येत होत्या, दात वाजत होते, डोळ्यांपुढे दोन-दोन म्हशी दिसत होत्या. पण ते मी डोंगराच्या खात्यावर टाकलं. पायथ्याच्या चहाच्या टपरीवर मी जाहीर केलं, “फोर्क सुधारला!”

यश म्हटल्यावर वाटेकरी आलेच. सराफ म्हणाले, स्प्रिंगला बसायला वेळ लागतो, मी म्हटलंच होतं. सॉफ्टवेअरवाल्याने हवामानाचं कारण दिलं. एक जण म्हणाला, प्रीलोडचा परिणाम उशिरा दिसतो, होमिओपॅथीसारखा. फोनवर मिस्त्रीने स्प्रेचं नाव घेतलं. सुभेदार काही बोलले नाहीत, फक्त माझ्या थरथरणाऱ्या कपबशीकडे बघत राहिले. एवढ्यात टपरीवाल्याच्या दहा-बारा वर्षांच्या मुलाने सायकलचं हँडल दोन्ही हातांनी दाबून पाहिलं. पुन्हा दाबलं. मग त्यावर पोट टाकून लोंबकळला.

“अंकल, ये तो दब ई नी रिया.”

लॉक उघडायचा राहिला होता. अख्खा डोंगर मी सुभेदारांच्या पद्धतीने उतरलो होतो.

त्या दिवशी परतताना मी पहिल्यांदा फोर्कऐवजी सल्ला देणाऱ्यांकडे नीट पाहिलं. 58 किलोचा माणूस हवेची स्तुती करत होता. त्याच्या वजनाला फुगाही पुरला असता. 104 किलोवाले पोलादाचे गोडवे गात होते, कारण त्यांच्या पोटात, म्हणजे सायकलीच्या पोटात, जाड पोलाद होतं. सुभेदारांचे हात तीस वर्षांच्या कवायतीने घडलेले. प्रत्येक जण इमानदारीने स्वतःचं वजन, स्वतःचा रस्ता आणि स्वतःचा खिसा सांगत होता, आणि मी ते माझ्या फोर्कचं वर्णन समजून लिहून घेत होतो. माझं वजन 86. ते एकानेही विचारलं नव्हतं. तसं मीही सांगितलं नसतं म्हणा.

एअर फोर्कचा हिशेब मी करून पाहिला. चांगल्या फोर्कची वरची नळी खाली रुंद होत जाते, माझ्या फ्रेमचं नरडं सरळ 1⅛ इंचाचं. खाली त्याला 15 मिलिमीटरचा जाड अ‍ॅक्सल, म्हणजे चाकाचा आस, माझ्या चाकाला 9 मिलिमीटरचा. म्हणजे चाकाच्या मध्यातला हब बदला, म्हणजे चाक बदला, म्हणजे फ्रेम बदला. नाकापेक्षा मोती जड. बायको म्हणाली, “मग फोर्क ठेवा आणि सायकल विका.”

शेवटी भाच्याने मोजमाप शिकवलं. फोर्कच्या चकचकीत नळीवर एक बारीक केबल टाय बांधायचा, तो सीलला टेकवायचा, प्रीलोड पूर्ण सोडायचा, आणि आपण पूर्ण जामानिम्यासह, हेल्मेट आणि पाण्याच्या बाटलीसकट सायकलवर अलगद बसून अलगद उतरायचं. टाय जितका वर सरकला तितका सॅग, म्हणजे नुसतं बसल्याने फोर्क जेवढा दबतो ते माप. 100 मिलिमीटरच्या फोर्कला वीस-पंचवीस ठीक.

पोर्चमध्ये भिंतीला हात टेकून मी सायकलवर बसलो, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल. समोर बायको ब्लाउजचं माप घ्यायची टेप घेऊन गुडघ्यावर. काका झोपाळ्यावरून म्हणाले, “अरे वा, दृष्ट काढताय होय त्याची? काढा, काढा.”

“एक्केचाळीस,” बायकोने माप वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पोटाकडे पाहिलं. बाकी काही बोलली नाही, पण रात्री पानात एकच पोळी होती.

जाड स्प्रिंग मागवली, ती कुरिअरने आली. डावीकडची टोपी उघडून जुनी ओढून काढायची, ग्रीस चोपडून नवी सोडायची. पाऊण तासाचं काम, त्यातला अर्धा तास हरवलेला पाना शोधण्यात. पुन्हा मोजलं, सत्तावीस. खट्ट गेलं. पातालपाणीच्या वाटेवर दगडांतून उतरलो तेव्हा फोर्क पहिल्यांदा ज्या कामाचा पगार घेतो ते काम करताना दिसला.

चूक एकच झाली, तो केबल टाय मी काढला नाही. आता दर रविवारी मी आंघोळीला गेलो की पोर्चमध्ये टेप उलगडल्याचा आवाज येतो. मी खड्डे खाऊन आलेलो असतो, तेव्हाचं माप धरू नये, बसूनच मोजावं लागतं, हे तिला सांगून चूक केली. आता मला पुन्हा हेल्मेट घालून बसवलं जातं.

“अठ्ठावीस. काल सराफ्यात गेला होतात?”

“अगं, एका मिलिमीटरने काय होतंय! सील घासतात, त्याला स्टिक्शन म्हणतात. माप पुढे-मागे होतंच.”

“हो का? गराडू की साबुदाण्याची खिचडी?”

“दोन्ही,” झोपाळ्यावरून काका म्हणाले. “वर जलेबी. मी सोबत होतो ना.”