बुरूज मार्चच्या आत

किल्ल्याच्या दुरुस्तीचं गुत्तं लागलं, तर आधी घाबरणं सोडा. किल्ला तक्रार करत नाही, आणि ज्यांनी तो बांधला ते काही एमबी, म्हणजे कामाची मोजमाप-वही, तपासायला येत नाहीत.

चुन्याच्या नादी तर मुळीच लागू नका. जुना गवंडी सांगेल, चुना आधी चांगला मुरू द्या, मग बैल जुंपून घाण्यात वाळू आणि विटेच्या भुकटीबरोबर मळा, त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी घाला. मान डोलवा. गूळ मजुरांच्या चहाला लागेल, सिमेंटची पोती मात्र आजच उतरवून घ्या. चुन्याची भिंत श्वास घेते म्हणे, आत मुरलेली ओल दरजांतून बाहेर जाते. भिंतीला श्वास कशाला? तिला कुठं गड चढायचाय? दरजा सिमेंटनं गच्च भरल्या की ओल आत कोंडते, क्षार दगडाच्या तोंडावर फुटतात, पापुद्रे सुटतात. तटाच्या दोन्ही अंगांना घडीव दगड, मधे दगडगोट्यांची भर. त्या भरीत पाणी साचलं की तट पोट काढतो. काढू द्या. तोवर तुमच्या देखभालीची मुदत संपलेली असते.

पिंपळाचं तर सोनं आहे. वरून छाटा, फोटो काढा, मुळं आत राहू द्या. श्रावणात तो पुन्हा पालवतो आणि झाडतोडीचं बिल दरसाल निघतं. माथ्यावरच्या पन्हाळी कुणी उपसायच्या? उपसलेली पन्हाळ फोटोत दिसत नाही. त्यापेक्षा दरवाजापुढे पेव्हर ब्लॉक बसवा, त्यावर पाहुण्यांना नारळ फोडता येतो.

एक पथ्य पाळा, नळदुर्गला जाऊ नका. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, बोरी नदी अडवली आणि बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात डोक्यावरून नर-मादी धबधबे कोसळतात, अन् आत उभा माणूस कोरडा. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४ चं, म्हणजे दोनशे वर्षांहून जास्त काळ त्या बंधाऱ्यानं सिमेंटचं नावही ऐकलं नव्हतं. असलं बघून आलेल्या माणसाचा हात थापी धरताना कापतो. (माझा एकदा कापला. तेव्हापासून मला गुत्तं लागलेलं नाही.)

ढासळलेले दगड जागेवरच नंबर टाकून ठेवा, म्हणजे पुन्हा तसेच बसवता येतील, असं एखादा शहाणा सुचवेल. त्याला सांगा, नंबर टाकायला दगड कुठं उरलेत? निम्मे ट्रॅक्टरनं गावात गेले, गोठ्याच्या जोत्यात बसले. माळवदाला गढीची पांढरी माती नेताना कुणी विचारलं होतं का? मग दगडांनीच काय घोडं मारलंय!

एवढं करूनही बुरूज खाली आलाच, तर पंचनाम्यात बिनधास्त 'अतिवृष्टी' लिहा. त्या साली तालुक्यात दुष्काळ जाहीर झालेला असला, तर दोन्ही कागद एका फायलीत लावू नका.