बुंदीच्या कानातले केस आम्ही का ओढले नाहीत

नमस्कार ताई,

आमच्या कुत्र्यांच्या पार्लरला तुम्ही रिव्ह्यूत दिलेल्या एका स्टारपेक्षा त्यातली तुमची एक ओळ मला जास्त लागली: "आळशीपणाला नियमाचं नाव देऊन राहिले." दोन दिवस बुंदीचं कार्ड समोर ठेवून विचार केला, दुकानातल्या पोरींशी बोलले आणि मग लिहायला बसले. उत्तर लांबेल, पण कानाचा विषय दोन ओळींत उरकला म्हणूनच तुमचं-आमचं इथपर्यंत आलं.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमची तक्रार थोडक्यात सांगते. बुंदी साडेतीन वर्षांची, शित्झू जातीची कुत्री. फुल ग्रूमिंगचे १,५०० रुपये दिले. कटिंग, नखं, आंघोळ छान झाली असं तुम्हीच लिहिलंय. पण घरी जाऊन पाहिलं तर कानाच्या आतले केस तसेच. आधीच्या पार्लरमध्ये ते दर महिन्याला ओढून काढायचे. आमच्या काउंटरवर विचारलं तर "आम्ही नाही करत" एवढंच उत्तर मिळालं. आठव्या दिवशी उजव्या कानाला वास यायला लागला, ती सारखी खाजवायला लागली, डॉक्टरांनी यीस्ट (एक प्रकारची बुरशी) आहे म्हणून सांगितलं आणि औषधांचा खर्च अंगावर पडला.

आता आमची चूक सांगते, जी तुमच्या तक्रारीत नाही कारण तुम्हाला ती माहीतच नाही. बुंदी आली तेव्हा आमच्या पोरीने कार्डावर लिहिलं होतं: "उजवा कान किंचित लाल, मळ तपकिरी." शनिवारची गर्दी होती, कार्ड फाइलमध्ये गेलं आणि बुंदीला तुमच्या हातात देताना हे कोणीच तुम्हाला बोललं नाही. तेव्हाच सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेला असता आणि बुंदीचे आठ दिवस वाचले असते. याबद्दल मी मनापासून माफी मागते. यात तुमचा काडीचाही दोष नाही.

काउंटरवरच्या उत्तराबद्दलही तुमचं बरोबर आहे. पैसे दिलेल्या माणसाला कारण कळायलाच हवं. दरपत्रकावर आम्ही नुसतं "कानाची स्वच्छता" लिहिलं होतं. त्यातून केस काढणारच, असं कोणालाही वाटेल.

केस ओढले नाहीत याबद्दल मात्र मला माफी मागता येत नाही. का, ते सांगते.

२०१४ साली दुकान टाकलं तेव्हा मी स्वतः केस ओढत होते. शिकवलंच तसं होतं. कानात इअर पावडर टाकायची म्हणजे केस बोटातून निसटत नाहीत, वरवरचे चिमटीत धरून काढायचे, आतले आर्टरीने, म्हणजे लांब, बारीक टोकाच्या चिमट्याने. शित्झू, ल्हासा, पूडल, श्नाउझर अशा जातीचा कुत्रा टेबलावर आला की कान हा कामाचा भागच. दोन-तीन केस धरून ओढले की आतली कातडी क्षणभर वर उचलल्यासारखी होते आणि कुत्र्याची त्या बाजूची पापणी फडफडते. काही कुत्री एकदम गोठून उभी राहतात. आम्ही म्हणायचो, "किती शहाणा आहे, हलत पण नाही." आता कळतं की तो शहाणपणा नव्हता, त्याला दुखत होतं.

इथे नागपुरातच, धरमपेठेतून एक आजोबा त्यांचा पूडल घेऊन यायचे. एकदा मी त्याचे दोन्ही कान अगदी स्वच्छ केले, आजोबा खूश झाले. चौथ्या दिवशी कुत्रा मान एका बाजूला झुकवून आला. कानाला हात लावला तर गरम. मी त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कानातला मळ काडीवर घेतला, काचपट्टीवर पसरवला, रंग दिला आणि मला मायक्रोस्कोपमधून बघायला सांगितलं. जांभळ्या रंगाचे, भुईमुगाच्या छोट्या शेंगांसारखे ठिपके, शेकड्यांनी. ते यीस्ट, मॅलसेझिया म्हणतात त्याला. डॉक्टर म्हणाले, हे थोडंफार प्रत्येक कुत्र्याच्या कातडीवर असतंच. ओल मिळाली, मळ साचला, कातडी दुखावली की वाढतं. केस मुळासकट ओढला की तिथे बारीक जखम होते, कातडी सुजते, पाण्यासारखा स्राव येतो. अशी शे-दीडशे छिद्रं एका अंधाऱ्या, दमट नळीत एकाच वेळी केली तर काय होईल, ते तुम्हीच विचार करा.

ती नळीही आपल्या कानासारखी नसते. आपल्या कानाची वाट जवळपास सरळ आत जाते. कुत्र्याची आधी खाली उतरते, मग काटकोनात आत वळते आणि त्याच्या टोकाला पडदा. आत गेलेलं पाणी, पावडर, मळ चढण चढून बाहेर यायला वेळ लागतो. सूज आली की ती वाट आणखी अरुंद होते.

त्या दिवसानंतर निरोगी कानाला मी आर्टरी लावली नाही. जुनी गिऱ्हाइकं विचारायची, "काहून ताई, आता काहून नाही ओढत?" काही रागावून दुसरीकडे गेली. जाऊ दिलं.

यावर सगळ्यांचं एकमत आहे, असं मी म्हणणार नाही. केसांमुळे हवा जात नाही, मळ अडकतो, म्हणून काढावेत असं मानणारे ग्रूमरही आहेत आणि डॉक्टरही. काही कुत्र्यांना दर महिन्याला ओढूनही आयुष्यात काही होत नाही. बुंदीचं आधी बरं चाललं होतं, हे तुमचं म्हणणं मी खोटं ठरवत नाही. पण मला दिसतं ते असं: कान दुखतोय म्हणून येणाऱ्यांत लॅब्राडॉर भरपूर असतात आणि लॅबच्या कानाच्या नळीत ओढायला केसच नसतात. उलट, कान केसांनी भरलेले दोन श्नाउझर वर्षानुवर्षं माझ्याकडे येतात आणि त्यांच्या कानाला कधी वास नाही. म्हणजे मूळ दुखणं बहुतेक वेळा केसांत नसतं. ॲलर्जी असते, ओल असते, गोचीड असते. पावसाळा संपता संपता आपल्याकडे गवताचं कुसळ असतं. सेमिनरी हिल्सच्या बाजूला फिरायला नेलेलं कुत्रं एकाच बाजूने डोकं झटकत घरी आलं, तर आधी कुसळाची शंका घ्यावी आणि ते घरी चिमट्याने काढायला जाऊ नये.

केस काढावे लागतात असेही कान असतात. मळ आणि केस मिळून बूच बसलं असेल, औषधाचा थेंब आत पोचत नसेल, डॉक्टरांना पडदा बघायचा असेल, तर काढायलाच हवेत. तेही थोडे थोडे, आणि कान फार दुखत असेल तर गुंगीचं औषध देऊन, दवाखान्यात. डॉक्टरांची चिठ्ठी आणली तर वरवरचे आम्हीही काढतो. लाल झालेल्या कानातले केस पार्लरच्या टेबलावर ओढायचे नाहीत, आणि बुंदीचा उजवा कान त्या दिवशी लालच होता. ओढले असते तर आठ दिवसांऐवजी दोन दिवसांत तुम्ही दवाखान्यात असता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

तिच्या कानाचं आम्ही काय केलं, तेही सांगते. आंघोळीआधी दोन्ही कानांत कापसाचे बोळे, नंतर ड्रायर मंद ठेवून बाहेरून वाळवणं, कानाच्या तोंडाशी लोंबणारे केस गोल टोकाच्या कात्रीने कमी करणं आणि कानाच्या पाळीची आतली बाजू औषधी लोशनने पुसणं. बोळा असूनही थोडं पाणी आत गेलं असेल का? गेलंच नाही, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आधीच लाल असलेल्या कानाला ऑगस्टच्या दमट हवेत तेवढंही पुरतं. खरं तर अशा कानाची आंघोळच डॉक्टरांना दाखवेपर्यंत थांबवायला हवी होती. आता आम्ही तसंच करतो.

एक गोष्ट तुमच्या डॉक्टरांना नक्की सांगा. बुंदीच्या पुढच्या दोन्ही पंज्यांचे केस बोटांच्या मधे तांबूस झाले होते. पांढऱ्या कुत्र्यात असा रंग बहुतेक वेळा सतत चाटल्यामुळे, लाळेने येतो. पंजे चाटणं आणि कान बिघडणं सोबत असेल तर ॲलर्जीचा विचार करावा लागतो. तसं असेल तर कान आज बरा होऊन दोन महिन्यांनी परत बिघडेल आणि तेव्हा पुन्हा केसांवर खापर फुटेल. निदान करणं माझं काम नाही, पण डोळ्यांना दिसलं ते सांगणं माझं काम आहे.

वास गेला म्हणून थेंब मधेच बंद करू नका. डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस पूर्ण घाला आणि शेवटी मळ एकदा मायक्रोस्कोपखाली तपासायला सांगा. इअर बड आत घालू नका, त्याने मळ वळणापलीकडे ढकलला जातो. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, घरातलं तेल यातलं काहीही नको. कान बरा होईपर्यंत तिला कुठेही केस ओढायला नेऊ नका, आमच्याकडे तर नाहीच. ती जोरजोरात डोकं झटकत असेल तर कानाच्या पाळीकडे लक्ष ठेवा. झटकून आतली रक्तवाहिनी फुटते आणि पाळी उशीसारखी फुगते, मग ते दुखणं वेगळंच होऊन बसतं. दुसरं मत हवं असेल तर सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात दाखवू शकता.

दरपत्रकावर आता असं लिहिलंय: "कानाची बाहेरून स्वच्छता. आतले केस डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय काढत नाही." कुत्रा आल्यावर दोन्ही कानांचे फोटो काढून मालकाला लगेच व्हॉट्सॲपवर पाठवतो. कान लाल दिसला तर फोन करूनच पुढचं काम.

कानाच्या स्वच्छतेचे २०० रुपये परत करते. बुंदीची पुढची तपासणी तुमच्याच डॉक्टरांकडे करा, तिची फी मी देते, पावती फक्त फोनवर पाठवा. स्टार बदलावेत म्हणून हे नाही, ते तसेच राहू द्या. कार्डावरची ती ओळ तुम्हाला दाखवायची आहे, म्हणून कार्ड काउंटरवरच ठेवलंय. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी दिवस मी अकरापासून असते.