‘फ्लू म्हाताऱ्यांनाच नेतो’ हे निदान पुण्यात तरी म्हणू नका

परवा आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. संध्याकाळपर्यंत तोच माहेरच्या ग्रुपवरही येऊन पोचला. मजकूर थोडक्यात असा: फ्लूच्या साथीत दगावतात ते सत्तरीपुढचे. तरुण गेलाच, तर त्याला आधीचं दुखणं असतं. 2009 मध्ये म्हातारी माणसं फारशी गेली नाहीत, म्हणजे ती साथ नव्हतीच, नुसती घबराट होती. तेव्हा लस आजी-आजोबांना द्या, बाकीच्यांना काढा पुरे. एकेक मुद्दा घेते.

‘दगावतात ते सत्तरीपुढचे’

दरवर्षीच्या फ्लूबद्दल हे बरंचसं खरं आहे. पण विषाणू नवा असला की हा हिशेब कोलमडतो. 1918 च्या साथीत वीस ते चाळिशीतली धडधाकट माणसं पटापट गेली. त्या मृत्यूंचा आलेख काढला तर एका टोकाला तान्ही बाळं, दुसऱ्या टोकाला म्हातारे आणि मधोमध, तिशीच्या आसपास, तिसरा उंचवटा दिसतो. अमेरिकेतल्या अभ्यासानुसार त्या साथीतल्या जादा मृत्यूंपैकी (म्हणजे एरवी होतात त्याहून वरच्या मृत्यूंपैकी) 99 टक्के पासष्टीच्या आतले होते. 1957 च्या साथीत हा वाटा 36 टक्के होता, 1968 मध्ये 48.

आणि 2009? स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी 3 ऑगस्टला याच शहरात गेला. चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती ती. त्याच आठवड्यात मी धाकट्या भावाला घेऊन नायडू हॉस्पिटलबाहेर रांगेत उभी होते. भुरभुर पाऊस, कुणाच्या तोंडाला स्कूटीवर बांधायचा स्कार्फ, कुणाच्या नाकाला दुहेरी रुमाल. आईनं आम्हाला कापूर-वेलचीची पुरचुंडी बांधून दिली होती, तिचा वास अजून आठवतो. रांगेत कॉलेजची मुलं होती, कडेवर पोर घेतलेल्या आया होत्या. आजोबा शोधावे लागत होते. रांगेवरून मृत्यू मोजता येत नाहीत, हे मान्य. पण पुढे जगभराचा अंदाज निघाला, तेव्हा त्या साथीत गेलेल्यांपैकी सुमारे 80 टक्के पासष्टीच्या आतले होते.

‘आधीचं दुखणं असतं’

दमा, मधुमेह, फार लठ्ठपणा यांनी धोका वाढतो, यात वाद नाही. पण 2009 मध्ये जे ॲडमिट झाले किंवा दगावले, त्यांच्यापैकी पाव ते निम्म्या लोकांना आधीचा कुठलाही आजार नोंदलेला नव्हता. शिवाय गरोदरपण म्हणजे काही दुखणं नव्हे, तरी गरोदर बायकांना हा ताप फार जड गेला.

‘म्हातारे वाचले, म्हणजे साथ नव्हतीच’

मला सगळ्यात खटकलं ते हे, कारण म्हातारे का वाचले याचं उत्तर ठाऊक आहे. 1918 च्या विषाणूचे वंशज 1957 पर्यंत माणसांत फिरत होते. त्याआधी जन्मलेल्या अनेकांना लहानपणी किंवा तरुणपणी त्यांची लागण होऊन गेली होती. 2009 चा विषाणू त्यांच्याच भावकीतला निघाला, आणि कित्येक साठीपुढच्यांच्या रक्तात त्याला ओळखणारी प्रतिपिंडं आधीपासून होती. विशीतल्या बहुतेक मुलांसाठी मात्र तो परका होता.

इथे एक गफलत होऊ देऊ नका. म्हाताऱ्यांना लागण कमी झाली, पण ज्यांना झाली त्यांच्यात दगावण्याचं प्रमाण तरुणांपेक्षा जास्तच होतं. म्हणजे एकूण मृत्यूंत कुणाचा वाटा किती, हा एक प्रश्न. आणि लागण झाल्यावर जीव जाण्याचा धोका कुणाला किती, हा दुसरा. मेसेजनं दोन्हींची खिचडी केली आहे. आजी-आजोबांना लस हवीच, पण बाकीच्यांना नको हे त्यातून निघत नाही.

‘काढा पुरे’

घसा शेकायला काढा जरूर घ्या. पण दम लागला, छातीत दुखलं, ओठ निळसर दिसले, तर थेट हॉस्पिटल गाठा. टॅमीफ्लूसारखं औषध पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. काढ्यावर दोन दिवस काढले की ती वेळ हातची जाते.

मेसेज टाकणारे काका चांगले आहेत, त्यांना मी खाली जाऊन हे सगळं सांगितलं. ग्रुपवर लिहायचं कारण वेगळं. त्या मेसेजखाली तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंनी विचारलं होतं, ‘मग मी लस नाही घेतली तरी चालेल ना?’ तिला सातवा महिना आहे. काल रात्री तिला फोन केला. उद्या सकाळी दहाला तिच्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही दोघी जातोय.