ड्रायव्हर उडवण्याआधी प्रिंटरचा पत्ता बघा

‘प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय? ड्रायव्हर काढून पुन्हा टाका, फायरवॉल बंद करा, विंडोज अपडेट कायमचं बंद करा, तरी नाही झालं तर प्रिंटर फॅक्टरी रीसेट करा.’ हा मेसेज आपल्याकडच्या ऑफिसांच्या ग्रुपवर फिरतोय. मी सोलापुरात प्रिंटर दुरुस्तीचंच काम करतो आणि या सल्ल्याने झालेलं नुकसान निस्तरतो, म्हणून लिहितोय.

ड्रायव्हरचं, म्हणजे कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलायला लावणाऱ्या सॉफ्टवेअरचं, आधी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात टेम्पो भरून उभा होता आणि डिलिव्हरी चलन निघत नव्हतं. क्लार्क म्हणाला, “सर, चारही कॉम्प्युटरवर ड्रायव्हर परत टाकला, तरी ऑफलाइनच.” मी प्रिंटरवरूनच कॉन्फिगरेशन पेज, म्हणजे त्याच्या सेटिंगचा कागद, काढलं. त्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा नंबर, १६९.२५४ ने सुरू होत होता. म्हणजे प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालाच नव्हता, त्याने स्वतःच एक घेतला होता. सकाळी लाइट जाऊन आली, राउटर सुरू व्हायच्या आत प्रिंटर जागा झाला, आणि तसाच अडकून बसला. राउटर चालू असताना प्रिंटर बंद करून पुन्हा लावला, चलन निघालं.

दुसरा प्रकार याहून फसवा. लाइट आल्यावर राउटर प्रिंटरला नवा पत्ता देतो, पण कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतो. अशा वेळी ड्रायव्हर पुन्हा टाकला की प्रिंट येते, कारण टाकताना प्रिंटर नव्याने शोधला जातो आणि नवा पत्ता आपोआप भरला जातो. श्रेय ड्रायव्हरला मिळतं. पुढच्या वेळी लाइट गेली की पुन्हा तेच. खरा उपाय म्हणजे प्रिंटरचा मॅक अ‍ॅड्रेस (कंपनीने त्याला दिलेला ओळख नंबर) बघून राउटरमध्ये त्याच्यासाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवणं. त्या कारखान्यात तो पत्ता मी प्रिंटरच्या झाकणावर चिकटवूनही ठेवलाय.

फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा तपासणारा पहारेकरी, बंद करून थेट नेटवर्कवरच्या प्रिंटरला सहसा काही फरक पडत नाही. प्रिंट कॉम्प्युटरकडून बाहेर जाते, बहुतेक वेळा पोर्ट ९१०० या प्रिंटरच्या ठरलेल्या वाटेने, आणि विंडोजची फायरवॉल बाहेर जाणाऱ्याला मुळातच अडवत नाही. प्रिंटर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरून शेअर केलेला असेल, तर त्या कॉम्प्युटरवर नेटवर्क ‘प्रायव्हेट’ आहे का आणि प्रिंटर शेअरिंगला परवानगी आहे का, एवढं बघा.

अपडेटच्या मुद्द्यात तथ्य आहे, ते मान्य. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर शेअर केलेल्या प्रिंटरवर ०x०००००११बी ही एरर अनेक ठिकाणी आली. पण त्याच वर्षी ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची भोकं विंडोजच्या स्पूलरमध्ये, म्हणजे प्रिंट रांगेत ठेवणाऱ्या भागात, सापडली होती, आणि त्यांतून घुसणाऱ्याला अख्ख्या कॉम्प्युटरचा ताबा मिळत होता. ज्या मशिनवर जीएसटीचा आणि पगाराचा डेटा आहे, तिथे अपडेट कायमचं बंद ठेवणं फार महागात पडेल. शेअरिंग सोडा, प्रत्येक कॉम्प्युटरवर प्रिंटर त्याच्या आयपी पत्त्याने थेट जोडा. ती एरर मग येत नाही.

फॅक्टरी रीसेट तर करूच नका. वायफायची माहिती, स्कॅन फोल्डरचं सेटिंग, साठवलेले ईमेल पत्ते, सगळं पुसलं जातं.

आणि मेसेजमध्ये जे नाहीच ते: एखादी अडकलेली प्रिंट मागच्या सगळ्यांना थोपवते. सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर थांबवा, सिस्टिम३२ मधल्या स्पूल फोल्डरातलं ‘प्रिंटर्स’ फोल्डर रिकामं करा, स्पूलर पुन्हा सुरू करा. फोल्डर तसंच ठेवा, फक्त आतल्या फाइली काढा.