पलटण कोणती?

पुण्याच्या जुन्या बाजारात पितळी समई आणायला गेलेला मनुष्य समईच घेऊन परत आला, असा आमच्या घरात एकही दाखला नाही. मी एक गोरा सोल्जर घेऊन आलो. पत्त्याच्या पानाहून किंचित लांब अशा पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडा कसरीने खाल्लेला तो फोटो विक्रेत्याने ‘व्हिक्टोरिया राणीच्या वेळचा’ म्हणून दीडशे रुपयांना दिला होता. समई कुठे आहे, असे पत्नीने विचारले नाही, “हा आपला कोण लागतो?” एवढेच विचारले.

पुण्याच्या आणि खडकीच्या छावण्यांत गोऱ्या पलटणी राहत असत, तेव्हा असा एखादा शिपाई रद्दीतून निघणे नवलाचे नाही. त्याचे नाव सापडणे अशक्य होते, कारण पुठ्ठ्याच्या पाठीवरचा मजकूर कसरीने आधीच वाचून संपवला होता. पण निदान त्याची पलटण तरी शोधावी, असे मी ठरवले. गणवेश समोर असताना पलटण ओळखणे हे पाटी वाचून एसटी ओळखण्याइतके सोपे असणार, अशी माझी समजूत होती.

कोट काळपट दिसत होता. काळपट म्हणजे गडद निळा आणि गडद निळा म्हणजे तोफखाना, असा निकाल मी पहिल्याच संध्याकाळी दिला. दुसऱ्या दिवशी वाचनात आले, की त्या काळच्या फोटोच्या काचेला निळा प्रकाश चटकन जाणवे आणि लाल जवळजवळ जाणवतच नसे. त्यामुळे लालभडक कोट काळा उमटतो, पिवळा रंगही काळवंडतो आणि निळा मात्र फिका पडतो. म्हणजे माझा काळा गोलंदाज लाल कोटातला पायदळ शिपाई असण्याचीच शक्यता अधिक होती. भाच्याने मदत म्हणून मोबाइलवर फोटो रंगवून दिला. त्यात कोट जांभळा आणि गाल करवलीसारखे गुलाबी झाले.

मग मी बाह्यांकडे वळलो. मनगटाशी टोकदार काठ असेल तर १८८१पूर्वीचा आणि सरळ गोल काठ असेल तर नंतरचा, हे कळल्यावर मला फार धीर आला, कारण काठ गोल होता. त्याच वर्षी ब्रिटिश पायदळाचे जुने अनुक्रमांक जाऊन प्रांतांची नावे आली आणि कॉलर-मनगटांच्या रंगांचीही वाटणी झाली: इंग्लंड-वेल्सला पांढरा, स्कॉटलंडला पिवळा, आयर्लंडला हिरवा आणि ‘रॉयल’ पलटणींना निळा. माझ्या शिपायाची कॉलर पांढरी होती. निदान मी तरी ती पांढरी धरली, फिका पडलेला निळा नव्हे. पण पांढरी कॉलर म्हणजे इंग्लंड-वेल्स, एवढे कळणे म्हणजे हरवलेला गृहस्थ पुण्यात राहतो आणि त्याचे आडनाव जोशी आहे, एवढे कळण्यासारखे आहे. शिवाय या नव्या नावांवरही विसंबू नये. १०९ क्रमांकाची ‘बॉम्बे इन्फन्ट्री’ त्या वर्षी कॅनडाचे नाव लावणाऱ्या १०० क्रमांकाच्या पलटणीत मिसळली आणि दोन्ही मिळून आयर्लंडची लेन्स्टर पलटण झाली! आमच्याकडे लग्नानंतर एकाच पक्षाचे नाव बदलते.

बटणांवर पलटणीचा क्रमांक असतो, असे समजून मी दोन रात्री भिंग लावून बसलो. साध्या शिपायांची क्रमांकाची बटणे १८७१ साली बंद होऊन सगळ्यांना राजचिन्हाचे एकच बटण मिळाले, हे मला तिसऱ्या रात्री समजले. उरला टोपीवरचा बिल्ला. टोपी त्याने टेबलावर ठेवली होती आणि बिल्ल्याची बाजू पलीकडे होती.

शेवटी चौकातल्या दुकानातून फोटो मोठा करून आणला आणि मूळ प्रत, हात लागून खराब होऊ नये म्हणून, कपाटात कुलुपबंद केली. मोठ्या प्रतीत छातीच्या उजव्या बाजूला पदक दिसले. युद्धातली पदके डावीकडे लावतात. उजवीकडे लावतात ती बुडणाऱ्याचा जीव वाचवल्याबद्दल मिळालेली! पुढचे चार दिवस मी त्याला मुळा-मुठेच्या पुरात उडी मारायला लावून एका बाळंतिणीला काठावर आणवले आणि तशी अकरा पाने लिहिली. उजव्या बाहीवर एक फीत दिसत होती, तिच्या आधारे त्याला बढतीही दिली.

अकरावे पान वाचून दाखवायला शेजारच्या सुभेदारकाकांना बोलावले. ते मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झाले आहेत. त्यांनी पान हातात न घेता फोटोच न्याहाळला.

“साहेब, ह्याने बायकांचा कोट घातलाय.”

“म्हणजे?”

“बटणे उलटी आहेत. आणि ही फीत कोपराखाली, टोक वर करून आहे. हुद्द्याची फीत दंडावर असते, टोक खाली. ही बढतीची नाही.”

दुकानातल्या मुलाने शांतपणे कबुली दिली, की चेहरा उजेडाच्या बाजूला आलेला बरा दिसतो म्हणून त्याने फोटो फिरवला होता. पदक डावीकडे गेले आणि बाळंतीण पुरात राहिली. फीतही डाव्या बाहीवर आली. ती चांगल्या वर्तणुकीची निघाली, जिच्याबद्दल शिपायाला दिवसाला एक पेनी अधिक मिळे. ही पद्धत घरात लागू करता येईल का, अशी चौकशी पत्नीने केली.

पदकाच्या फितीवरून मोहीम तरी कळेल, अशी आशा होती. १८८२च्या इजिप्तच्या पदकाची फीत निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची असते. पण जिथे निळाच पांढरा दिसतो, तिथे पट्टे मोजायचे कोणाचे? मिशीचा तर काडीचा उपयोग नव्हता, कारण वरचा ओठ भादरू नये असा ब्रिटिश लष्कराचा नियम १९१६पर्यंत होता आणि त्यामुळे सगळ्यांनाच मिशा होत्या.

गेल्या रविवारी साताऱ्याहून आत्या आली. चष्मा पिशवीत होता. शोकेसवरच्या मोठ्या प्रतीसमोर ती थबकली, पदर सावरून तिने हात जोडले आणि म्हणाली, “मिशी बघ, अगदी अण्णांची.”

मी लष्करी नियम सांगायला तोंड उघडले; पत्नीने डोळे वटारले.

“पलटण कोणती रे ह्यांची?” आत्याने विचारले.

“तेच बघतोय, आत्या,” मी म्हणालो.