‘आधी अभ्यास करा, मग लिहा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

घरच्या इंकजेट प्रिंटरवर फोटो छापण्याविषयी मी मागच्या आठवड्यात जो लेख लिहिला (आधी टेस्ट स्ट्रिप, म्हणजे चाचणीची छोटी पट्टी छापा आणि मग पूर्ण फोटो, असा त्यातला सल्ला), त्यावर ‘शटरबग ३८’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ती इथे पूर्ण देतो, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणायला नको.

“काका, लेख बरा आहे पण नवशिक्यांची दिशाभूल करणारा. मॉनिटर कॅलिब्रेट न करता फोटो एडिट करून छापायला सांगणं हास्यास्पद आहे. एसआरजीबी कधीच जुनं झालं, ॲडोबी आरजीबी वापरा. घरचा प्रिंटर महिनाभर बंद राहिला की हेड चोक. मॅट कागदाची सेटिंग लेखाच्या तळाला का टाकलीत? त्यापेक्षा लोकांनी सरळ लॅबमध्ये फोटो द्यावेत. आधी अभ्यास करा, मग लिहा.”

शटरबगराव, सर्वप्रथम आपले आभार. आपण लेख शेवटपर्यंत वाचलात, कारण मॅट कागदाचा उल्लेख खरोखरच तळाला आहे. तो वर यायला हवा होता, हे मान्य. मॅट, म्हणजे चकाकी नसलेला कागद घालून ड्रायव्हरमध्ये (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ग्लॉसीची, म्हणजे चकचकीत कागदाची सेटिंग तशीच ठेवली तर शाई जास्त पडते, कागद ती पितो आणि सावल्यांचा चिखल होतो. ते वाक्य मी आता उचलून वर ठेवलं आहे.

आता ‘काका’बद्दल. नात्यातल्या पोरांनी मला काका म्हणावं, शेजारच्यांनी म्हणावं, रिक्षावाल्यानेही म्हणावं. पण ज्या वाक्याच्या शेवटी ‘आधी अभ्यास करा’ येणार आहे, त्याच्या सुरुवातीला काका लावून गोडवा आणायचा, ही कोथरूडची पद्धत असेल तर ती मला पसंत नाही. ‘हास्यास्पद’ हाही शब्द आपण सहज टाकलात. चूक म्हणा, अपुरं म्हणा, मी वाद घालीन. हास्यास्पद म्हटल्यावर समोरच्याने काय करायचं? हसायचं?

कॅलिब्रेशनवर, म्हणजे स्क्रीनचे रंग यंत्राने मोजून दुरुस्त करण्यावर, मात्र सविस्तर बोलू, कारण आपल्या एका वाक्यामुळे बरेच लोक उगाच घाबरतील.

लोकांची तक्रार काय असते? ‘स्क्रीनवर फोटो छान दिसतो, कागदावर काळवंडतो.’ दहातल्या नऊ वेळा कारण एकच असतं. स्क्रीन स्वतः प्रकाश टाकते, कागद खोलीतला प्रकाश परत पाठवतो. दुकानातून आलेला मॉनिटर नाहीतर लॅपटॉप बहुतेकदा पूर्ण उजेडावर लावलेला असतो. त्या उजेडात सावलीतला चेहराही उजळ दिसतो, म्हणून आपण तो आणखी उजळत नाही, आणि कागदावर तो काजळी लागल्यासारखा उतरतो. छपाईसाठी एडिटिंग करणारे लोक स्क्रीनचा उजेड साधारण ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर (हे स्क्रीनचा उजेड मोजायचं माप) ठेवतात. नव्या मॉनिटरचा याच्या दुप्पट-अडीचपट सहज असतो.

यात कॅलिब्रेटर काय करतो? स्क्रीनचे रंग मोजतो आणि ताळ्यावर आणतो. चांगलं काम आहे, मी कुठे नाही म्हणतोय? पण उजेड किती ठेवायचा हे त्या यंत्राला आपणच सांगायचं असतं. चुकीचा आकडा दिला तर तो इमानदारीने चुकीच्या उजेडावर कॅलिब्रेट करून देतो. शिवाय तुमचा प्रिंटर, तुमची शाई आणि तुमचा कागद एकत्र आल्यावर काय होतं, याची स्क्रीनला लावलेल्या कॅलिब्रेटरला गंधवार्ता नसते. त्यासाठी कागदाचा आयसीसी प्रोफाइल लागतो, म्हणजे त्या प्रिंटर-शाई-कागदावर कोणता रंग कसा उतरतो हे सॉफ्टवेअरला सांगणारी फाइल. चांगले कागद बनवणाऱ्या कंपन्या तो आपापल्या साइटवर फुकट देतात, तोही ठरावीक प्रिंटर आणि त्याच्या मूळ शाईसाठी. बाहेरची स्वस्त शाई भरली की तो प्रोफाइल संपला. वजनकाटा तपासून आणला म्हणून भाकरीत मीठ बरोबर पडत नाही.

माझ्या लेखातला सल्ला होता टेस्ट स्ट्रिपचा. आपण त्यावर एक अक्षर लिहिलं नाहीत, म्हणून पुन्हा सांगतो. फोटोतला असा तुकडा घ्यायचा ज्यात चेहरा आहे, सावली आहे आणि थोडं पांढरं आहे. त्याच्या चार-पाच प्रती करायच्या, प्रत्येकीचा उजेड थोडा थोडा वाढवत न्यायचा, आणि सगळ्या शेजारी शेजारी एकाच चार बाय सहाच्या कागदावर छापायच्या. कागद तोच, ड्रायव्हरची सेटिंग तीच, जी शेवटच्या प्रिंटला वापरणार. मग रात्रभर वाळू द्यायचं, कारण शाई ओली असताना सावल्या आणि रंग वेगळे दिसतात. सकाळी खिडकीजवळ न्यायचं. ट्यूबलाइटखाली नाही; तिच्या उजेडात त्वचेचा रंग भलताच दिसतो. जी पट्टी पटली, तेवढा उजेड मूळ फोटोला द्यायचा. शेवटी ती पट्टी स्क्रीनशेजारी धरून स्क्रीनचा उजेड उतरवत आणायचा, दोन्ही जवळपास सारखे दिसेपर्यंत. पुढच्या फोटोला निम्मे कष्ट वाचतात.

हे हास्यास्पद असेल तर माझं सगळं तरुणपण हास्यास्पद होतं. मी नारायण पेठेत एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये काम शिकलो. आपला जन्म तेव्हा झाला असेल-नसेल. बोटांना हायपोचा (प्रिंट पक्की करणाऱ्या रसायनाचा) वास, एन्लार्जरखाली (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली) कागदाची पट्टी, आणि पुठ्ठा सरकवत पाच सेकंद, दहा सेकंद, पंधरा सेकंद. कागद महाग होता, त्यामुळे आधी पट्टी आणि मगच पूर्ण प्रिंट. मालक लाल दिव्याखाली पट्टी बघून निर्णय घेऊ द्यायचे नाहीत. “धू, वाळव, बाहेर उजेडात आण” म्हणायचे. वाळल्यावर प्रिंट थोडी गडद होते हे मी तिथे शिकलो. त्या काळी कुणी एन्लार्जरचा दिवा कॅलिब्रेट करत बसत नव्हतं, आणि पुण्यातल्या किती घरांच्या भिंतींवर आमच्या हातच्या प्रिंट अजून आहेत ते कधी सवडीने मोजून बघा. घोले रोडच्या राजा रविवर्मा कलादालनात आणि बालगंधर्वच्या दालनात लागलेल्या हौशी मंडळींच्या प्रदर्शनांसाठीही मी छापून दिलं आहे. तिथे कुणी मला कॅलिब्रेटरची पावती विचारली नाही.

हो, आपल्याकडे कॅलिब्रेटर असेल. असू दे. पण त्या पैशांत एखाद्या नवशिक्याला किती कागद आणि शाई येते याचा हिशोब तुम्ही केलाय का? आधी छापू द्या की त्याला. ज्याने आयुष्यात दोन प्रिंट काढल्या नाहीत त्याला यंत्र विकत घ्यायला लावायचं आणि वर मला दिशाभूल करणारा म्हणायचं!

ज्याला खरंच रंगांचा त्रास आहे, उजेडाचा नाही, त्याने आधी एक गोष्ट तपासावी. फोटोशॉपमधून छापताना कागदाचा प्रोफाइल तिथे निवडला असेल, तर प्रिंटरच्या ड्रायव्हरमधलं रंगव्यवस्थापन बंद हवं. दोन्ही चालू राहिले की रंग दोनदा दुरुस्त होतात आणि बहुतेकदा चेहऱ्यांवर गुलाबी-जांभळी झाक येते. ओळखीच्या एका गृहस्थांनी याच झाकेपायी नवा मॉनिटर घेतला. नव्या मॉनिटरवरूनही चेहरे जांभळेच छापून आले.

एसआरजीबी जुनं झालं म्हणता. एसआरजीबी आणि ॲडोबी आरजीबी म्हणजे फाइलमध्ये कोणते रंग मावतील हे ठरवणारी दोन मापं. एसआरजीबी १९९६ सालचं, ॲडोबी आरजीबी १९९८ सालचं. दोन वर्षांत कुणी म्हातारं होत नाही. ॲडोबी आरजीबीत हिरवे-निळे रंग जास्त मावतात हे खरं, पण साध्या लॅपटॉपची स्क्रीन ते दाखवतच नाही, आणि न दिसणारे रंग एडिट कसे करायचे ते तुम्हीच सांगा. शिवाय फाइल पुढे कुणाला पाठवली आणि त्याच्या सॉफ्टवेअरने प्रोफाइल वाचला नाही, तर रंग फिके पडतात. एसआरजीबीत राहा, सुखी राहा.

हेड, म्हणजे प्रिंटरचा शाई फवारणारा भाग, चोक होतं, होतं. आठवड्यातून एकदा सगळे रंग असलेलं एक पान काढा, नाही होत. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात तर नक्कीच काढा. नोझल चेक (कोणत्या रंगाची शाई अडली ते दाखवणारं चाचणीचं पान) न बघता हेड क्लीनिंगचं बटण दाबत बसू नका; त्यात टाकीतली शाई वेस्ट पॅडमध्ये (वाया गेलेली शाई शोषणाऱ्या गादीत) जाते, बाकी काही नाही. पावसाळ्यात कागदाचं पाकीट उघडं ठेवू नका, कडा वळतात आणि हेडला घासतात.

लॅबमध्ये जरूर द्या. मीही देतो, अल्बमभर फोटो असले की घरी छापणं परवडत नाही. फक्त ऑटो करेक्शन (मशीन आपल्या मनाने फोटो सुधारतं ते) बंद करायला सांगा, नाहीतर तुम्ही मेहनतीने राखलेली संध्याकाळ यंत्र दुपार करून देतं. एका लॅबमध्ये हे सांगितल्यावर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काका, मशीनला जास्त कळतं.” म्हणजे काका म्हणणारे सगळीकडे आहेत.

शटरबगराव, आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढची लिहाल तेव्हा कोणत्या कागदावर, कोणत्या शाईने, ड्रायव्हरची कोणती सेटिंग ठेवून काय बिघडलं ते लिहा, जमल्यास प्रिंटचा दिवसाउजेडी काढलेला फोटो जोडा. तेवढं असेल तर मी रात्री जागून उत्तर देईन. नुसतं ‘अभ्यास करा’ असेल तर उत्तर मिळणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.

आणि ज्या ताईंनी खाली विचारलंय की लॅपटॉपचा ब्राइटनेस नेमका किती टक्क्यांवर ठेवायचा: ताई, प्रत्येक लॅपटॉपचे टक्के वेगळे. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी तुमचा फोटोचा कोरा कागद खिडकीच्या उजेडात धरा, आणि स्क्रीन दिव्यासारखी डोळ्यांवर येईनाशी होईपर्यंत उजेड कमी करा. तिथून टेस्ट स्ट्रिप सुरू करा. रात्रीच्या उजेडाला जुळवाल तर दिवसा पुन्हा जुळवावं लागेल, म्हणून दिवसाच करा.